सरकारी घंगाळ

आभाळ रोज किती पाणी पितं हे कुसळवाडीत एकाच माणसाला ठाऊक होतं, आणि त्याला ते कुणी विचारत नव्हतं.

तलावाच्या भिंतीखाली तारेच्या कुंपणात पत्र्याचं एक मोठं, पांढऱ्या रंगाचं पात्र लाकडी चौकटीवर ठेवलेलं होतं. चार फूट रुंद, हातभराहूनही कमी खोल. वर जाळी, कावळ्या-कुत्र्यांनी तोंड घालू नये म्हणून. कागदोपत्री त्याला बाष्पीभवन पात्र म्हणत. गाव त्याला सरकारी घंगाळ म्हणायचं. आत एका बाजूला पितळी सुई होती, टोक वर केलेली. बिभीषणनं रोज सकाळी साडेआठला जायचं, पाणी सुईच्या टोकाखाली गेलेलं असायचंच, ते पितळी मापानं मोजून भरायचं, पाणी टोकाला टेकलं की थांबायचं. जेवढं ओतलं, तेवढं कालच्या दिवसात उडालं. तो आकडा वहीत लिहायचा. तलावातलं किती पाणी पिकानं नेलं आणि किती उन्हानं, हे ऑफिसला त्यावरून कळायचं. कळून ऑफिस काय करायचं, हे बिभीषणनं बावीस वर्षांत विचारलं नव्हतं. रोजंदारीच्या माणसानं असले प्रश्न विचारू नयेत, एवढं त्याला पहिल्याच वर्षी कळलं होतं.

एप्रिलात आभाळाची तहान वाढली. रोज बारा, साडेबारा, तेरा मिलीमीटर. ऐकायला हे बोटभरसुद्धा नाही, पण एवढ्या रुंद घंगाळात ते पंधरा लिटर व्हायचे. एक भरलेली कळशी. तलाव आटून मधोमध हिरव्या डबक्यापुरता उरला होता. तिथवर भेगाळलेल्या गाळातून चालत जायचं, कळशी भरून खांद्यावर घ्यायची, भिंत चढायची, उतरायची आणि उन्हाला अर्पण करायची.

टँकर दर तिसऱ्या दिवशी यायचा. त्या रांगेत म्हातारी राहीबाई त्याला बघितलं की आवाज चढवायची. "गावाला घागर मिळंना, आन् ह्यो भाद्दर आभाळाला कळशी पाजतोय! पाज बाबा, पाज. पोट भरलं तर ढेकर तरी दील."

बाया हसायच्या. बिभीषणही हसायचा. त्याच्या आईबापांनी नाव असं ठेवलं होतं की गावात त्याला लहानपणापासून टोमण्यांची सवय होती. रावणाचं सोंग घेणाऱ्या प्रत्येक पोरानं शाळेत त्याला लाथ मारली होती.

घरी मात्र तो हसायचा नाही. वही काखेत घेऊन यायचा, उंबऱ्यावर बसून पायाचा गाळ खरडायचा आणि मनकर्णाला आकडा सांगायचा. "आज पावनेतेरा गेलं." कुणीतरी गावातलं गेल्यावर सांगावं तसं. मग ताटावर बसायचा आणि एका भाकरीवर उठायचा. लेक नांदायला गेल्यापासून घरात दोघंच होती. त्यामुळं हा आकडा ऐकायला आणि ती उरलेली भाकरी बघायला मनकर्णा एकटीच होती.

"तुमी नेलंय व्हय त्ये पानी? मग एवढं कशापायी मनाला लावून घेता?" ती म्हणायची.

"मनाला कोन लावतंय. सांगितलं आपलं."

मग यंत्र आलं. 

एक लोखंडी खांब, त्यावर सूर्याच्या उजेडावर चालणारी काळी पाटी, गरगरणाऱ्या वाट्या, पाऊस मोजायचं पांढरं डबडं आणि पोटात मोबाईलचं सिमकार्ड. वारा, ऊन, हवेतला ओलावा, सगळं बघून ते पाणी किती उडालं असेल याचा अंदाज करायचं आणि कुणाला न सांगता परस्पर ऑफिसला कळवायचं. त्याला चहा लागत नव्हता. यंत्राबरोबर नवीन इंजिनियर स्नेहल मॅडम आल्या, वय सव्वीस, डोक्यावर टोपी, आणि जीप चालवायला शांतवन. शांतवन बिभीषणला बावीस वर्षं ओळखत होता.

सरपंचांनी नारळ आणला होता. मॅडम नको नको म्हणेपर्यंत त्यांनी तो खांबावरच फोडला. पाणी उडालं ते थेट पांढऱ्या डबड्यात. दुसऱ्या दिवशी ऑफिसच्या कॉम्प्युटरवर कुसळवाडीत एक मिलीमीटर पावसाची नोंद झाली. त्या वर्षीचा गावातला तो पहिला पाऊस. बिभीषणच्या वहीत त्या दिवशी पावसाच्या रकान्यात शून्य होतं.

मनकर्णा त्या दिवशी कुंपणापाशी चहाची किटली घेऊन उभी होती. मॅडमनी कप घेता घेता सांगितलं, "काका, महिनाभर दोन्ही चालू राहतील. तुमचं पात्र आणि हे मशीन. बघू या, कुणाचं किती जातं. मग तुमचं काय करायचं ते ठरवू."

मनकर्णानं हे एक वाक्य तेवढं घरी नेलं.

तिचा बाप खर्डा गावाकडं दुसऱ्याची मेंढरं राखायचा. तिथं मालक दोन राखणे ठेवायचा आणि पावसाळ्यानंतर मोजायचा, कुणाची किती गेली. लांडग्यानं नेली, आजारानं गेली, चोरानं नेली, मालक कारण ऐकून घ्यायचा नाही. ज्याची जास्त गेली तो घरी. एका वर्षी तिच्या बापाची सात गेली आणि शेजारच्या वाड्यावरल्याची पाच. त्या वर्षी त्यांनी दिवाळी केली नाही. तेव्हा मॅडम काय म्हणाल्या ते मनकर्णाला नीट समजलं. तिचा नवरा पाण्याचा राखण्या होता. समोर दुसरा राखण्या आणून उभा केला होता, तोही लोखंडी, रात्रंदिवस उभा राहणारा. आणि नवऱ्याचं तर रोज पावणेतेरा जात होतं.

पहिले चार दिवस आकडे नेहमीसारखे आले. पाचव्या दिवशी बिभीषणनं माप ओतलं आणि सुई फार लवकर बुडाली. साडेसात. त्यानं डोळे पुसले, जाळी उचलून पुन्हा बघितलं. साडेसातच. ऊन तेच होतं, वारा तोच, भिंतीवर वाळत टाकलेला त्याचा बनियन पायरी उतरेपर्यंत कडक झाला होता. पण घंगाळ साडेसात म्हणत होतं. त्यानं साडेसात लिहिलं. मनाला काय वाटतं ते लिहायचा रकाना वहीत नव्हता.

"आज साडेसात," तो उंबऱ्यावर म्हणाला.

"बरं झालं की!" मनकर्णा म्हणाली आणि त्याच्या ताटात दुसरी भाकरी टाकली. विचारात असल्यामुळं त्यानं ती खाल्ली.

मग रोजच सात, साडेसात, पावणेआठ. घरात मात्र उलटंच चाललं होतं. टँकरचं पिंप तिसऱ्या दिवसाला पुरायचं, ते दुसऱ्याच दिवशी सांजच्याला तळाला जायला लागलं. बिभीषण पिंपात वाकून बघायचा.

"कुटं जातंय गं पानी? गळतंय का काय?"

"दोन शेरडं हायत. ती प्यात न्हाईत व्हय?"

"आदी बी दोनच हुती की."

"आता ऊन वाढलंय. तुमीच म्हनता."

मनकर्णाचे केस चिप्पाड झाले होते. दहा-बारा दिवस डोक्यावरून पाणी घेतलं नव्हतं. अंगसुद्धा ती ओल्या फडक्यानं पुसून घ्यायची. बिभीषणला हे दिसत नव्हतं असं नाही, पण तो वेगळ्याच घोरात होता. मिलीमीटरच्या दहाव्या भागापर्यंत मोजणाऱ्या माणसाला घरातलं पिंप उलगडत नव्हतं.

एकविसाव्या दिवशी, बुधवारी, मॅडमचा फोन आला. तो टँकरच्या रांगेत होता. मोबाईलचा आवाज कमी करायचं बटण मोडलेलं असल्यामुळं रांगेनंही ऐकलं.

"काका, मशीन बारा पॉइंट आठ सांगतंय आणि तुम्ही सात पॉइंट आठ. रोज हेच. तुम्ही जाता ना पात्रापाशी? की घरी बसून आकडे टाकता?"

"जातो की, मॅडम. रोज जातो."

"मग हे कसं? मला वर उत्तर द्यायचंय. शनिवारी येते. वही तयार ठेवा. पटलं नाही तर मला एक तारखेपासून तुम्हाला थांबवावं लागेल."

त्यानं फोन खिशात ठेवला. राहीबाई त्याच्या पुढंच होती. तिनं नुसती आपली घागर मागं घेतली आणि त्याला पुढं उभं राहायला जागा करून दिली. बिभीषणला आजवरच्या सगळ्या टोमण्यांपेक्षा ते जास्त लागलं.

गुरुवारी त्यानं घरातली पितळी परात घेतली, घराच्या पत्र्यावर चढवली, तलावातलं पाणी ओतलं आणि पाण्याच्या पातळीला खिळ्यानं ओरखडा काढला. शुक्रवारी सकाळी बघितलं. पाणी ओरखड्याच्या तेरा मिलीमीटर खाली गेलं होतं. परातीतलं तेरा जातंय आणि घंगाळातलं आठ. म्हणजे घंगाळातलं कमी उडत नव्हतं. त्यात कुणीतरी भर घालत होतं. पाणी चोरणारे त्यानं आयुष्यभर बघितले होते. दुष्काळात गुपचूप पाणी ठेवून जाणारा चोर त्यानं ऐकलाही नव्हता.

शनिवारी फटफटायला तो रोजच्यासारखा शेळ्यांना पाला आणायला म्हणून निघाला आणि भिंतीआडच्या बाभळीखाली जाऊन बसला.

तांबडं फुटलं. भिंतीच्या उतारावरून कुणीतरी सावकाश खाली येत होतं, एक हात कमरेवर, दुसऱ्यात चरवी. ती मनकर्णा होती. टाचांच्या भेगांत खडे रुततात म्हणून ती पावलाच्या बाहेरच्या कडेवर चालायची. ती चाल त्यानं तीस वर्षं मागून बघितली होती, अशी समोरून कधी नाही. कुंपणाच्या दाराची कडी तिनं आवाज न करता काढली. जाळी एका कडेनं उचलली. मग चरवी घंगाळाच्या काठाला टेकवून इतकी हळू ओतली, की पाण्यावर तरंग उमटला नाही. बाहेरून ओघळलेला थेंब पदरानं टिपला. पाण्याकडं थोडा वेळ बघत राहिली. झोपलेल्या लेकराच्या अंगावर पांघरूण घालून आई उभी राहते, तशी. मग जाळी सारखी केली आणि आली तशी निघून गेली.

बिभीषण बाभळीखालून उठला नाही. पायाला मुंग्या आल्या होत्या, असं त्यानं स्वतःला सांगितलं.

पाला न घेताच तो घरी आला तेव्हा ती चुलीपाशी होती. तव्यावरून काढून आराला लावलेली भाकरी फुगत होती.

"पाला?"

"गावला न्हाई." तो पाटावर बसला. "मने, चरवी कुटंय गं आपली?"

तिचा हात चुकला. फुगलेल्या भाकरीचा पापुद्रा फाटला, वाफेचा झोत बोटांवर आला आणि ती हात झटकत कळवळली. त्यानं उठून तिचा हात धरला आणि माठाच्या ओल्या फडक्यावर दाबून ठेवला. 

"बघितलंसा?" ती भिंतीकडं तोंड करून म्हणाली.

"व्हय."

"मंग आता मारा मला."

"तीस वर्सांत मारलं न्हाई, आता कुटं सवय लावून घिऊ." तो हात धरूनच होता. "पर का गं? कशापायी?"

ती बोलायला लागली ती थांबेचना. बापाची मेंढरं, सात गेली ती, मॅडमचं वाक्य, खांबावरचा तो मेला लोखंडी राखण्या, आणि तुमी एका भाकरीवर उठता ते. "त्याचं कमी गेलं आन् तुमचं जास्त गेलं म्हंजी तुमाला काडनार. मला काय दिसत न्हाई व्हय? माझं माझ्या वाटनीचं पानी घातलं. न्हानीचं. तुमच्या पिन्याला हात लावला न्हाई मी."

बिभीषणनं तिचा हात फडक्यावर जरा सरकवला. मग म्हणाला, "बोट कसं वाटतंय?"

"गार."

"ह्यो माठ गार का असतो, सांग."

"आता शाळा घेता व्हय माझी?"

"सांग तर."

"पाजरतो म्हनून."

"पाजरून पानी जातं कुटं? उडतं. आन् उडायचं म्हंजी त्याला ऊब लागती. ती ऊब त्ये माटातनंच घेतं आन् जातं. म्हनून मागं ऱ्हातं त्ये गार. न जातं तर ह्ये पानी च्यासारखं झालं असतं. आन् भाकरीतली वाफ भाजली का? तिनं तव्याची ऊब पोटात घेतली, तुझ्या बोटावर येऊन पुन्ना पानी झाली आन् घेतलेली समदी तुलाच दिली. उकळतं पानी एवढं भाजत न्हाई." तो थांबला. एवढं सलग तो लग्नातही बोलला नव्हता. "वर गेल्यालं बी तसंच. वर जाऊन गार झालं की ऊब सोडून खाली येतं. आपल्या गावातच येईल आसं न्हाई. पर जायला त्ये जानारच. माझं काम त्येला राखायचं न्हाई, मने. किती गेलं तेवढं खरं सांगायचं, बास."

मनकर्णानं ऐकून घेतलं. मग हळूच म्हणाली, "म्हंजी बावीस वर्सं तुमी नुसतं गेलेलं मोजता?"

"व्हय."

"आन् मंग तोंड पाडून का येता घरी? आदी सांगायचं की, जान्यातच काम हाय म्हनून!"

तिचंही बरोबर होतं.

मग त्यानं कोनाड्यातून चरवी काढली, पितळी माप घेतलं आणि दोघांनी उंबऱ्यावर बसून ती मापानं भरली. "कुटपातुर भरायचीस?"

"गळ्याच्या ह्या रेघंपातुर. रोज. बोट लावून."

पावणेसहा लिटरला थोडं वर. त्यानं भिंतीवर कोळशानं गुणाकार केला, पुसला, पुन्हा केला. घंगाळात ते बरोबर पाच मिलीमीटर होत होते.

त्याच दिवशी साडेआठला त्यानं पाणी भरलं, आकडा लिहिला आणि नंतर बराच वेळ वही मांडीवर घेऊन कुंपणात बसला. सांगायचं तर दोन गोष्टी होत्या. डोळे अधू झाले म्हणून वाचायला चुकलं, असं म्हटलं तर मनकर्णाचं नाव कुठं येत नव्हतं. नोकरी गेली असती एवढंच. खरं सांगितलं तर सरकारी पात्रात पाणी घातलं म्हणून तिच्यावर बालंट, आणि गावाला पुढची दहा वर्षं पुरेल एवढी करमणूक. बिभीषणनं शेवटी घरचंच माणूस दाखवून दिलं, असं लोक म्हणणार. नाव आधीच तयार होतं.

बावीस वर्षांच्या वहीत एकही खोटा आकडा नव्हता. आणि या वीस दिवसांचे आकडेही खोटे नव्हते. घंगाळानं जे दाखवलं तेच त्यानं लिहिलं होतं. फक्त मनकर्णा कुठं लिहिलेली नव्हती. त्यानं पेन काढलं आणि उजव्या हाताच्या शेवटच्या रकान्यात, जिथं 'शेरा' असं छापलेलं असतं आणि बावीस वर्षं काही लिहावं लागलं नव्हतं, तिथं वीस वेळा तेच वाक्य लिहिलं. 

अकराला जीप आली. मॅडम उभ्या उभ्याच वही चाळायला लागल्या आणि एका पानावर थांबल्या. मोठ्यानं वाचलं, "पत्नीने सकाळी पाच मिलीमीटर पाणी घातले. हेतू चांगला."

शांतवननं तोंड फिरवून जीपचा आरसा पुसायला घेतला.

"हे काय आहे, काका?"

"खरं हाय, मॅडम."

मनकर्णा कुंपणाबाहेर चरवी घेऊन उभी होती, पुरावा म्हणून. तिनं चहा आणला नव्हता. मॅडमनी एकदा तिच्याकडं, एकदा वहीकडं बघितलं, मग मोबाईल काढून मशीनचे आकडे आणि वहीचे आकडे शेजारी शेजारी लावले. सात पॉइंट आठ अधिक पाच, बारा पॉइंट आठ. मशीन बारा पॉइंट आठ. सात पॉइंट दोन अधिक पाच, बारा पॉइंट दोन. मशीन बारा पॉइंट चार. खाली जाता जाता त्यांचं बोट सावकाश झालं. वीस दिवसांत दोन दशांशापेक्षा जास्त फरक कुठं नव्हता.

"मावशी, तुम्ही रोज एवढंच घालत होता? थोडंसुद्धा कमीजास्त नाही?"

"एक बी दिस कमी घातलं न्हाई," मनकर्णा घाबरून म्हणाली. तिला वाटलं, कमी घातल्याचा आळ येतोय. "तुमाला खोटं वाटत आसल तर ह्यास्नी इचारा. घरातलं पिंप रिकामं हाय."

मॅडम हसल्या नाहीत. टोपी काढून त्यांनी वारा घेतला. 

"आमच्या मशीननं पहिल्याच दिवशी नारळ पाऊस म्हणून लिहिला," त्या म्हणाल्या. "ते शोधायला मला आठ दिवस लागले. मशीनला शेरा लिहिता येत नाही." त्यांनी अहवालाचा कागद जीपच्या बॉनेटवर ठेवून लिहिला. दुरुस्ती धरता दोन्हींचा मेळ बसतो. यंत्रावर लक्ष ठेवायला निरीक्षक चालू ठेवावा. "आणि मावशी, पात्रात पुन्हा पाणी घालायचं नाही. सरकारी आहे ते."

"न्हाई घालनार. आता मला म्हाईत हाय, त्येला जायचंच आसतं."

जाताना मॅडम परत वळल्या. "काका, ही वही वर जाणार. ते 'हेतू चांगला' तेवढं खोडा. ऑफिसमध्ये बरं दिसत नाही."

बिभीषणनं वहीचं पहिलं पान उघडून दाखवलं. तिथं छापील सूचना होत्या. सूचना क्रमांक चार, केलेली नोंद खोडू नये.

मॅडमनी ती वाचली. शांतवननं जीप चालू केली.

दुसऱ्या दिवशी साडेआठला मनकर्णा त्याच्याबरोबर तलावात उतरली. कळशी दोघांनी आळीपाळीनं भिंतीवर चढवली. तो माप ओतत होता आणि ती काठाशी उकिडवी बसून सुईकडं बघत होती. पाणी टोकाला टेकलं तसं तिनं "बास" म्हटलं, तो थांबायच्या अर्धा क्षण आधी. त्यानं वहीत आकडा लिहिला. तिनं हात कपाळावर धरून वर बघितलं. ढगाचा पत्ता नव्हता.

"सव्वातेरा दिलंय रं तुला," ती आभाळाला म्हणाली. "लिवून ठिवलंय आमी."

घरी आल्यावर तिनं माठातलं पाणी त्याच्यापुढं ठेवलं. मग काल टँकरनं भरलेल्या पिंपातलं पाणी घंगाळात, म्हणजे घरातल्या खऱ्या घंगाळात, काढलं आणि केस मोकळे सोडून न्हाणीत गेली. बिभीषण ताटावर बसला. बराच वेळ आतून तांब्या-तांब्यानं पाणी पडल्याचा आवाज येत राहिला. त्यानं तो मोजला नाही. 

टोपल्यातून त्यानं स्वतःच दुसरी भाकरी काढून घेतली.